आधी नोंदवही येते

युरोप फिरून आलेल्या नातेवाइकांच्या गप्पांत आयफेल टॉवर, आल्प्सचा बर्फ आणि पाण्याच्या बाटलीची किंमत झाली की पुढचा विषय हमखास निघतो तो 'जिप्सीं'चा. "पाउच पोटावर घ्या, जिप्सी बायका आल्यात," असं टूर मॅनेजरनं बसच्या माइकवरून सांगितलं होतं, हे आमच्या मामींनी परवा पुरणपोळीवर तूप वाढता वाढता सांगितलं. त्यांचे धाकटे जावई उसळलेच. म्हणाले, मामी, ती आपलीच माणसं आहेत, हजार वर्षांपूर्वी इथून गेलेले राजपूत, त्यांच्या झेंड्यावर आपलं चक्र आहे, हिटलरनं लाखोंनी मारली ती आपलीच रक्ताची माणसं, आणि आपण त्यांना चोर म्हणतो! मामी ठाम होत्या. आपले असोत नाहीतर कुणाचे, चोर ते चोर. जेवणं आटोपली तरी वाद संपला नाही. आणि तो एका घरातला नाहीच. 2 ऑगस्ट, म्हणजे ज्यांना आपण जिप्सी म्हणतो त्या रोमा आणि सिंती यांच्या नाझींनी केलेल्या वंशसंहाराचा स्मरणदिन, जवळ आला की हाच वाद मी दरवर्षी कुठे ना कुठे ऐकतो, ह्याच दोन बाजूंनी आणि बहुतेक ह्याच शब्दांत.

मला दोन्ही बाजू एकाच जागी घसरताना दिसतात. समोरच्या माणसाबद्दल मत बनवण्याआधी दोघांनाही त्याचं रक्त तपासायचं आहे. एकाला त्यात राजपूत सापडतो, दुसऱ्याला पाकीटमार. ज्यांनी या लोकांचा संहार केला त्यांचा उद्योग तरी दुसरा काय होता? रोमा 'आपले' आहेत का, या प्रश्नावर त्यांचं स्मरण टांगून ठेवणं मला चुकीचं वाटतं. चुकीचंच नव्हे, धोक्याचंही वाटतं. आपलं त्यांच्याशी नातं आहे, ते खरंही आहे, पण ते रक्तापेक्षा फार जवळच्या एका गोष्टीतून आहे. पोलीस ठाण्यातल्या नोंदवहीतून.

आधी काय घडलं ते थोडक्यात. जर्मन भाषक मुलखात सहाशे वर्षांपासून राहणारे ते सिंती, पूर्व आणि मध्य युरोपात पसरलेले ते मुख्यतः रोमा. 16 डिसेंबर 1942 रोजी एसएसचा प्रमुख हिमलर यानं हुकूम काढला आणि 1943 च्या फेब्रुवारीपासून त्यांना ऑश्विट्झ-बिर्केनाउच्या एका विभागात कुटुंबंच्या कुटुंबं आणून कोंबलं गेलं. सुमारे तेवीस हजार माणसं. हातावर गोंदलेल्या नंबराआधी 'झेड' हे अक्षर, 'झिगॉयनर'चं, म्हणजे जर्मन भाषेतल्या 'जिप्सी'चं. भूक, टायफस आणि छावणीतला डॉक्टर मेंगेले याचे प्रयोग यांनी बहुतेकांना आधीच संपवलं. 2 ऑगस्ट 1944 च्या संध्याकाळी कामाला येतील अशा सुमारे चौदाशे जणांना गाडीत घालून दुसऱ्या छावण्यांकडे रवाना केलं. मागे उरले म्हातारे, आजारी, बायका आणि पोरं, चार हजारांहून अधिक. त्या रात्री त्यांना ट्रकांत भरून वायूकक्षांकडे नेलं आणि सकाळी तो विभाग रिकामा होता. पण हे फक्त ऑश्विट्झचं. ऑस्ट्रियाच्या बुर्गेनलांड प्रांतातून 1941 च्या नोव्हेंबरात 5,007 जणांना पोलंडमधल्या लोड्झच्या घेट्टोत पाठवलं, त्यांतली निम्म्याहून अधिक मुलं. जे टायफसनं मेले नाहीत त्यांना दोनच महिन्यांत खेल्मनो इथे वायूच्या ट्रकांत मारलं. क्रोएशियात यासेनोवाट्सची छावणी, रोमानियातून ट्रान्सनिस्ट्रियात हाकलून उपाशी मारलेले हजारो, सर्बियात ओलीस म्हणून गोळ्या घातलेले, पोलंड-युक्रेनच्या जंगलांत कोणत्याही कागदाशिवाय संपवलेले. एकूण आकडा दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत सांगतात. अंदाजात एवढी तफावत का, असा प्रश्न पडला तर त्याचं उत्तर साधं आहे. युद्धानंतर मोजायला कुणी बसलंच नाही.

एक दृश्य अनेकांनी पाहिलेलं असतं, आपण काय पाहतोय हे माहीत नसताना. मालगाडीच्या डब्याचं दार लोटलं जातंय, आणि फटीतून डोक्याला पांढरं फडकं बांधलेली एक मुलगी बाहेर बघते आहे. जेमतेम सात सेकंद. हॉलंडमधल्या वेस्टरबॉर्क छावणीच्या कमांडंटनं तिथल्याच एका ज्यू कैद्याकडून चित्रीकरण करून घेतलं होतं, त्यातला 19 मे 1944 चा हा तुकडा. पन्नास वर्षं ती मुलगी हॉलंडमध्ये ज्यूंच्या हद्दपारीची खूण होती. पुस्तकांत, माहितीपटांत, स्मारकांत सगळीकडे तीच. नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. 1994 मध्ये आद वागेनार नावाच्या एका डच पत्रकारानं माग काढला. प्लॅटफॉर्मवरून नेल्या जाणाऱ्या एका बॅगेवरचं नाव आणि जन्मतारीख यांवरून गाडी कोणती ते ठरलं, आणि मग कळलं की मुलगी ज्यू नव्हतीच. ती सिंती होती, नऊ वर्षांची, सेटेला स्टाइनबाख. छावणीत तिचे केस भादरले होते म्हणून ते फडकं. त्याच डब्यात असलेल्या आणि पुढे वाचलेल्या एका बाईला आठवत होतं की सेटेलाची आई मागून तिला हाक मारत होती, दारातून डोकं आत घे, चेंगरेल म्हणून.

ज्यूंच्या आठवणीनं सिंतींची जागा बळकावली, असा सूर यातून काही जण काढतात. तो मला मान्य नाही. दुःखाची जागा काही एसटीची सीट नाही. मला खुपतं ते वेगळंच. पन्नास वर्षं कोट्यवधी डोळ्यांनी तो चेहरा पाहिला, आणि हा सिंती मुलीचा असू शकेल अशी शंका कुणाच्या मनाला शिवली नाही. ज्यांना आपण बळी म्हणून ओळखत होतो त्यांच्या यादीत ही माणसं नव्हतीच. ती दुसऱ्याच यादीत होती.

ही दुसरी यादी हिटलरनं जन्माला घातलेली नाही, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. हिटलर कुणाच्या खिजगणतीतही नव्हता तेव्हा, 1899 मध्ये, म्युनिकच्या पोलिसांनी आल्फ्रेड डिलमान या अधिकाऱ्याच्या हाताखाली 'झिगॉयनर' लोकांची माहिती गोळा करणारं कार्यालय उघडलं. 1905 मध्ये त्यानं तीन हजारांहून अधिक नावांचं पुस्तकच छापलं आणि पोलिसांना वाटलं: नाव, वर्णन, नातीगोती, कुठे दिसला, कशाचा संशय. पुढे फोटो आले, बोटांचे ठसे आले. 1926 मध्ये बव्हेरियाच्या विधिमंडळानं, निवडणुकीनं आलेल्या लोकशाही विधिमंडळानं, कायदा केला: सोळा वर्षांवरच्या ज्या 'झिगॉयनर'ला नियमित काम असल्याचं सिद्ध करता येणार नाही त्याला दोन वर्षांपर्यंत श्रमशाळेत डांबता येईल. गुन्हा काय? असणं. नाझींनी सत्ता घेतली तेव्हा त्यांना शोध फारसा घ्यावाच लागला नाही. कपाटं भरलेली होती.

नाझींनी त्या कपाटांना शास्त्राचं लेबल लावलं. रॉबर्ट रिटर नावाचा डॉक्टर आणि त्याची सहायिका एव्हा युस्टिन गावोगावी हिंडायचे. डोकी मोजायचे, डोळ्यांचा रंग पट्टीवरच्या नमुन्याशी ताडून बघायचे, मेणाचे मुखवटे घ्यायचे, आजा-पणज्यापर्यंतच्या वंशावळी भिंतभर कागदांवर मांडायचे. युस्टिन त्यांची भाषा शिकली होती. तिचे केस लालसर, म्हणून बायका तिला 'लोली चाय', लाल मुलगी, म्हणायच्या, घरात बसवून घ्यायच्या. तिनं पीएचडी केली ती मुलफिंगेन गावातल्या एका कॅथलिक अनाथालयातल्या सिंती मुलांवर. आईबापांना आधीच छावण्यांत धाडलेलं. मुलांना मात्र युस्टिनचा अभ्यास पुरा होईपर्यंत ठेवलं. तिचा निष्कर्ष असा की चांगल्या संस्थेत वाढवूनही ही मुलं सुधारत नाहीत, दोष वंशातच आहे. प्रबंध मान्य झाला. 9 मे 1944 रोजी 39 मुलांना सहलीला जायचं आहे असं सांगून गाडीत बसवलं आणि ऑश्विट्झला नेलं. चार वाचली.

इथे जावईबापूंच्या बाजूकडे वळायला हवं, कारण तिच्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. रोमानी ही भारतीय कुळातली भाषा आहे, हे 1782 पासून भाषाशास्त्रज्ञांना ठाऊक आहे आणि त्यावर आज वाद नाही. पाण्याला 'पानी', गावाला 'गाव', नाकाला 'नाख', कानाला 'कान' म्हणणारी माणसं स्लोव्हाकियात भेटली तर मराठी माणसाच्या अंगावर रोमांच उभे राहतीलच. त्यांचा 'दिवेस' तर हिंदीपेक्षा आपल्या 'दिवसा'लाच जवळचा. त्यांच्या झेंड्यावरचं सोळा आऱ्यांचं तांबडं चक्र 1971 मध्ये लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमानी काँग्रेसमध्ये स्वीकारलं गेलं, आणि ते अशोकचक्राशी नातं सांगतं. 2016 मध्ये दिल्लीत झालेल्या रोमा परिषदेत सुषमा स्वराज यांनी त्यांना भारताची लेकरं म्हटलं. यातली आपुलकी खोटी नाही.

पण ही आपुलकी युक्तिवाद म्हणून वापरली की काय होतं? रोमा भारतातून आले हे रिटरलाही चांगलं माहीत होतं. ते मूळचे 'आर्य' असल्याची कल्पना हिमलरला तर भुरळ घालायची. काही 'शुद्ध रक्ताच्या' सिंतींना जुन्या चालीरीतींसह एखाद्या राखीव मुलखात, जवळजवळ प्राणिसंग्रहालयात ठेवावं तसं जपावं, असा त्याचा बेत होता. त्यावर हिटलरचा निकटचा सहकारी बोरमान यानं आक्षेपही घेतला. मग या आर्य मुळाचा त्यांना उपयोग काय झाला? रिटरनं हिशेब मांडला की नव्वद टक्क्यांहून अधिक लोक 'मिश्र' आहेत, भटकंतीत युरोपातल्या गाळाशी त्यांचं रक्त मिसळलं, आणि मिश्र ते शुद्धांपेक्षाही घातक. म्हणजे भारतीय मूळ मान्य करून, त्याचा गौरवही करून, ऑश्विट्झची गाडी भरता येते. 'ते मूळचे राजपूत' असं म्हणून आपण त्यांना वर उचलतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मोजपट्टी आपण तीच धरलेली असते, फक्त आकडा चांगला सांगतो. आणि ते राजपूत नसतील तर? डोंब असतील, नट असतील, लोहार असतील, बहुधा या साऱ्यांची सरमिसळ असेल. तर मग त्यांचं मरण थोडं स्वस्त होणार आहे का?

आता मामी. त्यांचा मुद्दा जास्त अवघड आहे, आणि तो बाजूला सारून चालणार नाही. माझं स्वतःचं पाकीट एका युरोपीय शहराच्या मेट्रोत गेलं आहे. तीन मुली होत्या, पंधरा-सोळा वर्षांच्या, एकीच्या हातात नकाशा. पुढच्या स्टेशनवर त्या उतरल्या आणि मी खिसा चाचपला. त्या रोमा होत्या का? तेव्हा मला खात्री होती. आज विचार करतो तर ती खात्री कुठून आली हे सांगता येत नाही. कपड्यांवरून, रंगावरून, आणि बसमधल्या माइकवरून. समजा होत्या. रोमांमध्ये पाकीटमारी करणाऱ्या टोळ्या आहेत, त्यांत मुलांना राबवलं जातं, आणि त्याचा पहिला बळी ती मुलंच असतात. हे रोमा कार्यकर्तेही लपवत नाहीत. शेजारी चोरी होते तेव्हा चिडणारा माणूस वंशद्वेष्टा नसतो. पोटावर पाउच घ्या म्हणणारा टूर मॅनेजर हा काही रिटर नव्हे, आणि जो त्याला रिटर म्हणेल त्याचं पुढचं कुणी ऐकणार नाही.

तरी एक प्रश्न उरतो. बँकेला हजारो कोटींना बुडवून लंडनला पळालेल्या माणसाची बातमी वाचताना आपण 'ही जातच तशी' म्हणतो का? म्हणत नाही. तो लबाड निघाला म्हणतो, एकवचनात. आपल्यातला चोर हा अपवाद असतो आणि त्यांच्यातला नमुना असतो, ही गोष्ट आपण कधी ठरवली? आणि हा युक्तिवाद कुठवर जातो ते पाहायचं तर 7 जानेवारी 1956 ला पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानं दिलेला निकाल वाचावा. छळाची भरपाई मागायला आलेल्या सिंतींना न्यायाधीशांनी सांगितलं की 1943 च्या आधी तुम्हाला हद्दपार केलं ते वंशामुळे नाही, तो गुन्हेगारीला आळा घालण्याचा पोलिसी उपाय होता. कारण या लोकांत गुन्ह्याची, विशेषतः चोरीची प्रवृत्ती असते आणि आदिमानवासारखी दुसऱ्याच्या मालमत्तेची चाड त्यांना नसते. हे 1956 मध्ये, ऑश्विट्झ मुक्त होऊन अकरा वर्षं झाल्यावर, हिटलरच्या नव्हे तर नव्या लोकशाहीच्या न्यायालयात. चोर ते चोर, हेच ते, फक्त कायद्याच्या भाषेत. 1963 मध्ये न्यायालयानं आपली भूमिका बदलली, पण तोवर अनेक जण भरपाईविना मेले होते. रिटर आणि युस्टिन दोघांनाही फ्रँकफर्टच्या आरोग्य खात्यात नोकऱ्या मिळाल्या. रिटरला तर मुलांचा डॉक्टर म्हणून. खटला कुणावरच उभा राहिला नाही. म्युनिकच्या पोलिसांनी जुनी कागदपत्रं घेऊन काम पुन्हा सुरू केलं, या वेळी पाटीवर 'झिगॉयनर'ऐवजी 'भटके' लिहून. 1980 च्या ईस्टरला रोमानी रोझे आणि आणखी काही सिंती दाखाउच्या छावणीच्या आवारात उपोषणाला बसले. त्यांची एक मागणी साधी होती. आमच्या फाइली कुठे आहेत ते सांगा. 1982 मध्ये चान्सलर हेल्मुट श्मिट यांनी हा वंशाच्या कारणानं केलेला संहार होता, असं पहिल्यांदा मान्य केलं. युद्ध संपून 37 वर्षं झाली होती.

"आपल्याकडचं दुःख कमी आहे का, की जर्मनीचं उकरायचं?" असा तिसरा एक सूर असतो, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. कारण नेमकं त्याच वाटेनं गेलं की आपण घरी पोचतो. म्युनिकच्या कार्यालयाच्या अठ्ठावीस वर्षं आधी, 1871 मध्ये, इंग्रजांनी हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुतार जसा सुतारकी शिकतो तसा हा माणूस गुन्हा शिकतो, जात म्हणजे धंदा आणि यांचा धंदा चोरी, अशी त्यामागची समजूत. पुढे पारधी, कैकाडी, कंजारभाट, भामटा अशा कितीतरी जमातींच्या याद्या झाल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणातलं सेटलमेंट उभं राहिलं. हजेरी, परवाना, परगावी गेलात तर पाटलाची चिठ्ठी. 31 ऑगस्ट 1952 ला त्या जमाती 'विमुक्त' झाल्या, पण 'सराईत गुन्हेगारां'चे कायदे पाठोपाठ आलेच. 2024 च्या ऑक्टोबरात तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये विमुक्त जमातींबद्दलची तीच जुनी भाषा सापडली. आणि कायदा सोडा, शब्दकोश उघडा. 'भामटा' ही शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीतली एक जमात आहे, आणि आपण रोज उठून फसवणाऱ्याला घालतो ती शिवीही. शब्द आधी की जमात आधी, हा वाद जाणत्यांनी घालावा. जर्मनांनी 'झिगॉयनर' शब्दाची फोड 'भटका बदमाश' अशी खोटीच करून ठेवली होती. त्याचं खरं मूळ बहुतेक अभ्यासक एका ग्रीक शब्दात शोधतात, ज्याचा अर्थ 'शिवून न घेणारे' असा होतो. शिवाशिव आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आमच्या तालुक्याच्या गावी, मी सहावीत असताना, परसातून दोन पितळी पातेली गेली. आजोबांनी ठाण्यात कळवलं. संध्याकाळपर्यंत माळावरच्या पालातून दोन पारध्यांना उचलून आणलं होतं. कुणी पाहिलं नव्हतं, कुणी नावही घेतलं नव्हतं, वहीत नावं होती. त्यातल्या एकाचा आवाज रात्री रस्त्यापर्यंत येत होता. चौथ्या दिवशी कल्हईवाला पातेली घेऊन दारात आला. आजीनं दिली होती आणि विसरली होती. आई म्हणाली, ठाण्यात जाऊन सांगून या. आजोबा म्हणाले, आता कशाला, सोडलं असेल एव्हाना. मला आजही ठाऊक नाही, कधी सोडलं ते. नव्या कल्हईची पातेली मात्र पुढे वीस वर्षं वापरात होती.

हे आणि ऑश्विट्झ एकच, असं मी म्हणतोय का? नाही. आणि तसं म्हणणाऱ्यांमुळेच हा विषय हास्यास्पद होतो. इंग्रजांनी पारध्यांसाठी वायूकक्ष बांधले नाहीत. बव्हेरियाच्या 1926 च्या कायद्यातून 1944 अटळपणे निघत नव्हतं. मधे एक युद्ध, एक पक्ष आणि हजारो माणसांचे निर्णय आहेत. सेटलमेंटमध्ये शाळा होत्या, काहींना गिरणीत काम मिळालं, तेही सांगितलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे की संहार करायला निघालेल्या राज्याला ज्या तयार गोष्टी लागतात त्यांतली ही एक आहे, आणि ती शांततेच्या काळात, भल्या माणसांच्या हातून, सोयीसाठी तयार होते. माणसानं काय केलं याऐवजी तो कुणाच्या पोटी आला याची नोंद. ती वही असली म्हणजे संहार होतोच असं नाही. पण ती उघडणारा कोण निघेल, हे ती लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

वहीचं दुसरं टोकही आहे, आणि ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. बिर्केनाउच्या त्या विभागात कैद्यांची दोन मोठी रजिस्टरं होती, एक पुरुषांचं, एक बायकांचं. 1944 च्या उन्हाळ्यात, विभाग संपवायची चिन्हं दिसू लागल्यावर, कारकुनी करणाऱ्या पोलिश कैद्यांनी ती चोरली, कपड्यांत गुंडाळली, बादलीत घातली आणि बराकीजवळ पुरली. 1949 मध्ये उकरून काढली तेव्हा पाणी शिरून काही पानं वाचण्यापलीकडे गेली होती. तरी सुमारे एकवीस हजार माणसांची नोंद त्यांत आहे. नाव, जन्मतारीख, नंबर. आज कुणी 2 ऑगस्टला आपल्या आजीचं नाव वाचून दाखवतो ते बऱ्याचदा त्या बादलीमुळे. चोरी, बरं का.

आणि आज? 2013 च्या ऑक्टोबरात ग्रीसमधल्या एका रोमा वस्तीत सोनेरी केसांची मुलगी दिसली आणि जगभर मथळे झळकले, 'पळवलेली' म्हणून. काही दिवसांतच आयर्लंडच्या पोलिसांनी दोन रोमा घरांतून दोन गोरी मुलं उचलली. डीएनए तपासलं तर आयर्लंडमधली दोन्ही मुलं त्याच आईबापांची निघाली, आणि ग्रीसमधल्या मुलीची जन्मदाती आईही रोमाच होती, बल्गेरियातली, तिला पोसता न आलेली. 2019 च्या मार्चमध्ये पांढऱ्या व्हॅनमधून पोरं पळवतात अशी अफवा मोबाइलवरून फिरली आणि पॅरिसच्या उपनगरांत जमावानं रोमांना मारहाण केली. हे वाचताना धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवलं नाही असा मराठी वाचक असेल का? 1 जुलै 2018, हीच अफवा, हाच मोबाइल. मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचले गेले. भिक्षा मागायला आले होते. एका मुलीशी बोलले, एवढं पुरलं. ज्याला गाव नाही तो पोर पळवणारच, ही गोष्ट पॅरिसच्या जमावाला आणि राईनपाड्याच्या जमावाला कुणी वेगवेगळी शिकवली नव्हती. जावईबापू शोधतात ते नातं मला इथे दिसतं, आणि ते मला फार आवडत नाही.

म्हणून 'ते आपलेच' या घोषणेबद्दल एक शेवटची गोष्ट. स्लोव्हाकियातला किंवा ऑस्ट्रियातला रोमा आज जे मागतो आहे ते भारताचं नागरिकत्व नाही. त्याला त्याच्या गावच्या शाळेत बाकीच्या मुलांबरोबर बाक हवा आहे. 2007 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं चेक प्रजासत्ताकाला यावरूनच दोषी ठरवलं, कारण ऑस्ट्रावातल्या रोमा मुलांना सरसकट मतिमंदांच्या शाळांत घातलं जात होतं. सहाशे वर्षं जिथे राहिलो तिथलेच आम्ही, हा त्याचा दावा आहे. त्याला इकडून आपण प्रेमानं सांगतो, तू मूळचा इथला. तिकडे दुसरं कुणी तरी हेच वाक्य वेगळ्या आवाजात म्हणत असतं.

ऑस्ट्रियातलं ओबरवार्ट हे बुर्गेनलांडमधलं गाव, 1941 मध्ये जिथून पाच हजार जणांना लोड्झला नेलं त्याच प्रांतातलं. 1995 च्या 4 फेब्रुवारीच्या रात्री तिथल्या रोमा वस्तीजवळच्या रस्त्यावर एका खांबाला पाटी लावलेली दिसली. तीवर लिहिलं होतं, 'रोमांनो, परत हिंदुस्थानात जा'. वस्तीतली चार माणसं ती काढायला गेली. खांबात बॉम्ब होता. चौघंही जागीच गेली. पोलीस आले, आणि त्यांनी पहिली झडती घेतली ती त्या चौघांच्याच घरांची.